कोऱ्या प्लेटचं सांत्वन

९ जानेवारी

मामा,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. ‘तू दिवसभर दुर्बिणीतून काय बघतेस?’ असं विचारलंयस. दुर्बीण नाही रे, सूक्ष्मदर्शक. पण तुझ्या वर्गातली निम्मी मुलं दोन्ही एकच समजायची, तेव्हा तुला माफ.

जिल्ह्याच्या दवाखान्यामागे तीन खोल्या आहेत, तीच आमची प्रयोगशाळा. पहिलीत नमुने घेतो: पाणी, रक्त, थुंकी, आणि तू जेवता जेवता वाचत असशील तर पुढचं सांगत नाही. दुसरीत टेबलं, सूक्ष्मदर्शक आणि इन्क्युबेटर. इन्क्युबेटर म्हणजे अंगाएवढी ऊब धरून ठेवणारं कपाट. तिसरीत मावशी काचसामान धुतात. पूर्वी तिथेच चहाही व्हायचा. तो पायरीवर हलवायला मला दोन महिने लागले आणि अजून कुणी मला मनापासून माफ केलेलं नाही.

माणसं तीनच. मी प्रमुख, मावशी, आणि एक तंत्रज्ञ. त्याला सगळे घाईकर म्हणतात. त्याचं खरं आडनाव निराळं आहे. पण वीज जायच्या आत काम उरकायची अशी सवय लागलीय की आता वीज असली तरी तो पळतच असतो.

इतकी वर्षं इथले नमुने बसने तुमच्या राजधानीतल्या मोठ्या प्रयोगशाळेत जायचे. उत्तर येईपर्यंत माणूस बरा झालेला असायचा, नाहीतर उत्तराची गरज उरलेली नसायची. आता जिल्ह्याच्या प्रयोगशाळा बळकट करायचं ठरलंय. जनरेटर आला, नवी उपकरणं आली. एप्रिलात तपासणी आहे. पास झालो तर मान्यता मिळेल आणि इथलं उत्तर इथेच मिळेल. नापास झालो तर आम्ही फक्त बाटल्या गोळा करायच्या आणि बसमध्ये चढवायच्या. मामा, मला ते नको आहे. एवढं हवंसं मला बऱ्याच वर्षांत काही वाटलेलं नाही.

बाकीच्या प्लेटांबरोबर रोज एक कोरी प्लेटही इन्क्युबेटरमध्ये ठेवतो. तीन महिने झाले, तिच्यात काही म्हणजे काही उगवलेलं नाही.

गुडघा कसा आहे?

तुझी ठमी

•

१७ जानेवारी

ठमे,

आशीर्वाद आहेतच, ते धरून चाल आणि पुढे वाच.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं. तुझी मामी गेल्यापासून मी सगळंच मोठ्याने वाचतो, घराची आवाजाची सवय मोडू नये म्हणून. कोऱ्या प्लेटपाशी आलो आणि ती ओळ पुन्हा वाचली. तीन महिने रोज पेटी उघडायची आणि आत काही नाही. पोरी, तू हे एका ओळीत लिहून गुडघ्याकडे वळलीस, पण मी तुला लहानपणापासून ओळखतो. रडू आलं की तू दुसऱ्याची चौकशी करतेस.

धीर सोडू नकोस. दुसरीच्या पुस्तकात एक कविता होती, कुणाची ते आता आठवत नाही. पावसाळी दुपारी अख्खा वर्ग ती डुलत डुलत म्हणायचा आणि कौलांवरचा पाऊस मागे ठेका धरायचा:

बी निजले मातीच्या कुशीत गाढ,
उठवू नका त्याला, होईल झाड.

तेव्हा घाईकरांना सांग, सारखं उघडून बघू नका. मला वाटतं ऊब जास्त होत असावी. माझ्या कुंडीतलं मिरचीचं बीही उन्हात ठेवल्यावर उकडून गेलं होतं. शिवाय प्लेट म्हणजे पसरट, तिच्यात मुळं धरणार कुठे? खोलगट भांडं घेऊन बघ.

इकडे सगळं ठीक. सकाळी बागेत फिरायला जातो, तिथे माझा जुना विद्यार्थी भेटतो. वर्गात त्याच्याकडे स्वतःचं खोडरबर कधी नसायचं, सारखा शेजाऱ्याचं मागायचा, म्हणून पोरं त्यालाच खोडरबर म्हणायची. आता तो तुमच्या त्या मोठ्या प्रयोगशाळेचा प्रमुख आहे आणि मी त्याला ‘अहो’ म्हणतो. मनात मात्र खोडरबरच. म्हणत होता, त्यांच्याकडे एक जागा रिकामी आहे. माझ्या घरापासून गुडघेदुखीच्या चालीनेही जवळच. तुला उगाच आपलं कळवलं.

मागची खोली रंगवून घेतली. सहजच.

तुझा मामा

•

२ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र मी पायरीवर चहाच्या वेळी मोठ्याने वाचलं. ‘खोलगट भांडं’ ऐकून घाईकरला असा ठसका लागला की त्याच्या नाकातून चहा आला. फक्त मावशी हसल्या नाहीत. उलट आम्हालाच झापलं: ‘हसता काय? एवढ्या लांबून धीर दिला माणसाने. आणि बरोबरच बोलले ते.’ तुला इथे एक हक्काचा माणूस मिळाला बघ.

आता नीट ऐक. आमच्या प्लेटमध्ये माती नसते. जंतूंचं खाद्य असतं, खळीसारखं घट्ट केलेलं. समजा विहिरीच्या पाण्यात जंतू आहेत का ते बघायचंय. पाणी प्लेटवर घ्यायचं आणि रात्रभर उबेत ठेवायचं. जंतू असले तर सकाळी ठिपके दिसतात. पण ते ठिपके पाण्यातलेच कशावरून? आमच्या हातातले, हवेतले, न धुतलेल्या काचेतले नसतील कशावरून? म्हणून एका प्लेटवर काहीच घ्यायचं नाही. खाद्य असतं, ऊब असते, फक्त पाहुणा नसतो. ती सकाळी कोरी निघाली तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. तिच्यात एक ठिपका जरी आला तरी त्या दिवसाची सगळी उत्तरं रद्द.

तेव्हा मामा, तीन महिने काही उगवलं नाही ही मी बढाई मारली होती. तू तिचं सांत्वन केलंस.

तपासणी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. नापास झालो तर माझी बदली तुमच्याच मोठ्या प्रयोगशाळेत होईल असं ऐकते. म्हणजे तुझ्या त्या खोडरबरच्या हाताखाली. देव करो आणि तशी वेळ न येवो.

सहज म्हणजे कशी रे रंगवलीस खोली? तू आयुष्यात सहज काही रंगवलेलं मला आठवत नाही.

ठमी

•

११ फेब्रुवारी

ठमे,

माझ्यावर अख्खी प्रयोगशाळा हसली हे वाचून फार बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून एवढी माणसं माझ्यावर एकदम हसली नव्हती. वर्गात ती सोय रोजची होती.

तुझी कोरी प्लेट आता पटली. कविता म्हणताना दोन ओळींच्या मध्ये मुलांना मी श्वासभर गप्प करायचो. तिथे काहीच नसतं, पण त्या शांततेत कोण चुकीचं म्हणतंय ते लख्ख ऐकू येतं. तसंच ना हे? तसंच असेल. नसलं तरी मला तसं वाटू दे.

एक सांगू? मान्यतेचा एवढा घोर लावून घेऊ नकोस. मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तरी आकाश कोसळत नाही. माणसाने दोन्हीची तयारी ठेवावी. कधी कधी एक दार बंद होतं ते आपल्याला घरी पाठवण्यासाठीच.

मागच्या खोलीत सुताराकडून एक खाट करून घेतली. खिडकीशी टेबलही. सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं. वाचणाऱ्याला, लिहिणाऱ्याला बरं.

मामा

•

२० फेब्रुवारी

मामा,

हे पत्र लहान आहे आणि त्याचं उत्तर ताबडतोब हवं.

खोली रंगवतोस. खाट करून घेतोस. आकाश कोसळत नाही म्हणतोस आणि दारं बंद होण्याबद्दल लिहितोस. मी दवाखान्याच्या आवारात काम करते. दुखणं लपवणारा माणूस असंच बोलतो, मी रोज ऐकते. ती खाट तुझी शुश्रूषा करायला येणाऱ्यासाठी आहे का? डॉक्टरांनी काय सांगितलंय? खरं लिही. नाही लिहिलंस तर मी तपासणी सोडून निघून येईन.

ठमी

•

१ मार्च

ठमे,

मला काहीही झालेलं नाही. डॉक्टर म्हणतो गुडघा सोडला तर मी नवा आहे. त्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे, म्हणजे तुझा विश्वास बसेल. तू पुराव्याशिवाय मामाचंही ऐकत नाहीस हे आता कळलं.

तपासणी सोडून येण्याचं नाव काढू नकोस. अशी आलीस तर मी दार उघडणार नाही.

खोलीचं काय ते एप्रिलनंतर बोलू.

मामा

•

१२ एप्रिल

मामा,

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं फक्त काम होतं. आज लिहिते, कारण काल सकाळी कोरी प्लेट कोरी निघाली नाही.

परवा मुलींच्या वसतिगृहातून पाणी आलं होतं. सात-आठ मुलींची पोटं बिघडली होती. सकाळी इन्क्युबेटर उघडला तर त्या पाण्याच्या प्लेटवर ठिपकेच ठिपके. दवाखान्याचे मोठे डॉक्टर दारात उभे. म्हणाले, ‘झालं मग, दिसतंय की. मी वसतिगृह रिकामं करायला सांगतो. मुली जातील घरी.’ मुलींची वार्षिक परीक्षा आठवड्यावर आलीय.

तेवढ्यात घाईकर एकदम थांबला. मामा, घाईकर थांबतो तेव्हा काळजी करायची. त्याने कोरी प्लेट माझ्यासमोर धरली. तिच्यावरही तसेच ठिपके.

मी डॉक्टरांना म्हटलं, ‘आजचं एकही उत्तर मी देणार नाही.’

‘तपासणी आठवड्यावर आलीय आणि तुम्ही उत्तर नाही म्हणता?’

‘चुकीचं उत्तर देण्यापेक्षा बरं. उद्या संध्याकाळपर्यंत मुलींना पाणी उकळून द्या. मी आत्ता पुन्हा नमुना घेते.’

‘तुमची मान्यता गेलीच समजा,’ असं म्हणत ते गेले. पण पाणी उकळायला सांगून गेले, तेवढे भले आहेत.

मग आम्ही चोर शोधायला बसलो. खाद्य नवं होतं. ऑटोक्लेव्ह, म्हणजे आमचा वाफेचा मोठा कुकर, ठणठणीत. घाईकर हात दाखवत म्हणाला, ‘मॅडम, मी नाही.’ शेवटी मावशींना विचारलं, कुकरमधून प्लेटा निघाल्यावर त्या काय करतात. त्या हसून म्हणाल्या, ‘काही नाही. पण साहेब येणार ना तपासायला, वाफेचे डाग राहतात काचेवर. म्हणून या खेपेला नवं फडकं आणलं, पाण्यात बुडवून सगळ्या आतून पुसल्या. बघा कशा चकाकतायत.’

खरंच चकाकत होत्या.

मी म्हटलं, ‘मावशी, त्यात जंतू गेले ना.’ त्या म्हणाल्या, ‘गेले तर बरंच की. तुमच्या त्या रिकाम्या प्लेटीत कधीपासून काही येत नव्हतं, मामाही म्हणाले होते धीर धरा. आज आलं तर तोंडं का पडली?’

मामा, मी तिथेच स्टुलावर बसले. तुला मी पानभर समजावून लिहिलं. आणि ज्या बाई रोज त्या प्लेटा धुतात त्यांना कधी एक वाक्य सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पायरीवर ‘बरोबरच बोलले ते’ म्हणाल्या, ते मला तुझी बाजू घेणं वाटलं. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

काल सगळ्या प्लेटा पुन्हा कुकरमधून काढल्या आणि पाणी पुन्हा लावलं. आज संध्याकाळी बघितलं: कोरी प्लेट कोरी आणि वसतिगृहाचं पाणी स्वच्छ. आजारी पडलेल्या सगळ्या मुली एका मैत्रिणीच्या घरी जेवायला गेल्या होत्या, हे मग कळलं. वसतिगृह उघडं राहिलं.

पण तपासणीच्या तोंडावर आमचा एक अख्खा दिवस रद्द आहे, आणि मला तो सांगावाच लागेल. मावशी रडतायत. मीही रडले असते, पण मग प्रमुख कुणी व्हायचं?

ठमी

•

१६ एप्रिल

ठमे,

हे पत्र घाईघाईने टाकतो, तपासणीआधी पोचावं म्हणून.

मावशींना ही गोष्ट वाचून दाखव. आमच्या शाळेत एकदा तपासनीस साहेब येणार होते. फळा पार पांढुरका झालेला. मोठे गुरुजी भारी हौशी. त्यांनी आदल्या संध्याकाळी स्वतः कोट काढून फळ्याला काळं फासलं, एक नाही, दोन हात. सकाळी फळा असा काळाभोर की त्यात तोंड दिसावं. साहेब आले, खुर्चीत बसले, म्हणाले, ‘शिकवा.’ मी खडू घेतला आणि लिहायला गेलो. रंग ओलाच. खडू नुसता घसरायचा, एक अक्षर उमटेना. फळा इतका सुंदर झाला होता की त्याच्यावर शिकवता येईना. मी मग तासभर कवितेवर काढला, फळ्याविना. साहेब हसत गेले, पण मोठे गुरुजी आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जसा काही मीच खडू बिघडवला.

पाहुण्यासाठी आपण घर चकाकवतो, आणि ज्यासाठी पाहुणा येतो तेच नेमकं पुसलं जातं. हे प्रेमाने होतं, म्हणून त्यावर रागावताही येत नाही.

तपासायला खोडरबर स्वतःच येतोय, त्याला सगळं सांग. रद्द दिवस आधी सांग, प्लेटा नंतर दाखव.

आणि ठमे, फेब्रुवारीत मी ते दार बंद होण्याचं लिहिलं होतं ना, ते खोडून टाक. मला आता तू पास व्हायला हवी आहेस. काल रात्री कोऱ्या प्लेटचं परत वाचलं आणि माझं मलाच कळलं, हे मला खरोखर हवं आहे.

मामा

•

२९ एप्रिल

मामा,

मान्यता मिळाली.

आता पहिल्यापासून सांगते. तुझा खोडरबर आला, बरोबर एक करड्या केसांच्या बाई. त्याने येताच सांगितलं, ‘मी या मॅडमच्या मामांना ओळखतो. त्यामुळे निकाल या बाई देतील, मी नुसता खुर्ची धरून बसणार.’ आणि खरंच बसला. मी तुझं ऐकलं, रद्द दिवस आधी सांगितला. फडकंही दाखवलं. बाईंनी ते उलटसुलट करून बघितलं. उठून तिसऱ्या खोलीत गेल्या आणि मावशींना विचारलं, ‘ही एक प्लेट कोरी का ठेवतात, ठाऊक आहे?’

मावशींनी हात पुसले आणि म्हणाल्या, ‘आपल्याच हातून घरात चोर शिरला का ते बघायला. त्या दिवशी शिरला होता. माझ्या हातून. आता मी वाफेतून निघालेल्या काचेला आतून बोटसुद्धा लावत नाही. डाग राहिला तर राहिला.’

घाईकर मागे पुटपुटला, ‘पास.’ बाई वळून म्हणाल्या, ‘ते मी ठरवते.’ पण हसल्या.

अहवालात त्यांनी दोन गोष्टी लिहिल्या. एक, जी प्रयोगशाळा स्वतःचा दिवस स्वतः रद्द करते तिच्या बाकीच्या दिवसांवर भरवसा ठेवता येतो. दुसरी माझ्यासाठी: काचसामान धुणाऱ्यांनाही प्रत्येक गोष्टीचं कारण सांगितलं गेलं पाहिजे, आणि ते प्रमुखाचं काम आहे. बरोबर आहे. ते मी आता करते. शनिवारी चहाच्या वेळी पायरीवर आमचा वर्ग भरतो. शिकवायला मी, शंका विचारायला मावशी, आणि वर्ग लवकर सोडा म्हणायला घाईकर.

निघताना खोडरबर पायरीवर चहा प्यायला आणि म्हणाला, ‘सरांनी तुम्हाला काही सांगितलं नसेल.’

‘काय?’

‘फेब्रुवारीच्या शेवटी मी त्यांना बागेत म्हणालो, सर, तपासणीची वाट कशाला बघायची? तुमची भाची हुशार आहे, माझ्याकडे जागा रिकामी आहे. तुम्ही हो म्हणा, मी तिला आत्ताच इकडे घेतो. तिकडे बाटल्या गोळा करायला कुणीही चालेल.’

‘मग?’

‘सर एक अख्खी फेरी बोलले नाहीत. आमची बाग मोठी आहे. फाटकाशी आल्यावर म्हणाले, आधी जाऊन बघा. आणि बघितलंत की मला काही सांगू नका, तिलाच सांगा.’

मामा, तेव्हा मला रंग, खाट, टेबल सगळं कळलं. मी नापास झाले असते तर त्या टेबलाशी बसून ऊन खात असते. मी तुला आजारी ठरवून डॉक्टरांची चिठ्ठी मागवली. आपण दोघंही भलत्याच ठिकाणी दुखणं शोधत होतो.

मी रागावलेली नाही. उलट. पण मला इथेच राहायचंय हेही तसंच खरं आहे, आणि ते लिहिताना वाईट वाटतंय. तू म्हणशील, रडू आलं की दुसऱ्याची चौकशी करते. म्हणून करत नाही. गुडघ्याचं विचारणार नाही.

एक चांगली बातमी: मान्यता मिळालेल्या प्रयोगशाळांच्या प्रमुखांची दर तीन महिन्यांनी तुमच्या मोठ्या प्रयोगशाळेत बैठक असते. दोन दिवस. आणि घाईकरला दीड महिन्याचं प्रशिक्षण मिळालंय, तिथेच. त्याला उतरायला जागा हवी आहे. तो तुझ्याकडे राहिला तर चालेल का? आधीच सांगते, तो तुझी कविता निम्म्यावर तोडेल.

ठमी

•

१४ मे

ठमे,

घाईकर पोचला. मी त्याला आणायला स्टेशनवर निघत होतो, तोच तो दारात हजर. जेवायला बसला आणि मी पहिला घास घेईपर्यंत उठला. फक्त हात धुताना त्याला घाई नसते. जेवणाआधी तो इतका वेळ चोळतो की मी बाहेर उभा राहून एक अख्खी कविता मनात म्हणून होते. कोपरापर्यंत धुतो. माझे हात बघून म्हणाला, ‘मामा, हे धुतलेले म्हणायचे?’ आता मीही कोपरापर्यंत धुतो. या वयात शिक्षक मिळाला.

त्याला बी आणि मातीची कविता म्हणून दाखवली. म्हणाला, ‘छान आहे, पण झाड व्हायला किती दिवस लागतात ते दिलेलं नाही.’ इतक्या वर्षांत एकाही मुलाने ही शंका काढली नव्हती. मी विचारात पडलो आहे.

खोली वापरात आली. टेबलावर त्याची पुस्तकं, खिडकीत त्याचा टॉवेल. रात्री तो काहीतरी मोठ्याने पाठ करत असतो. एक शब्द कळत नाही, पण घरात आवाज आहे.

तुझ्याबद्दल. मी तू यावीस म्हणून खोली रंगवली, हे खरं. फाटकापर्यंत ती फेरी मला फार लांब वाटली, हेही खरं. पण तुला सांगतो, ‘मान्यता मिळाली’ ही ओळ मी तीनदा मोठ्याने वाचली आणि तिसऱ्यांदा वाचताना मला तू इथे नसल्याचं वाईट वाटलं नाही. तू तिथे असल्याचं बरं वाटलं. दोन्ही एकच नव्हे, तू तपासून बघ.

नापास झाली असतीस तर रोज दिसली असतीस. पास झालीस म्हणून वर्षातून चारदा, दोन-दोन दिवस. मला चालेल. बैठकीची तारीख कळव, म्हणजे तेवढे दिवस घाईकरला बाहेरच्या खोलीत हलवतो. तो म्हणतो त्याची हरकत नाही, हलवायचं तर आत्ताच हलवा.

मावशींना माझा नमस्कार सांग. आम्हा दोघांनाही कोरी प्लेट उशिरा कळली, पण त्यांना माझ्याहून पक्की कळली.

अजून एक लिहायचं होतं. पण घाईकर केव्हाचा चपला घालून दारात उभा आहे. म्हणतो, मामा, पोस्टमन पेटी उघडून जाईल, आता आवरा. आवरतो. आलीस की सांगेन.

तुझा मामा